क्रेनने झाड उतरवण्याविषयी

एरंडवणे, पुणे ४

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. परसातली वाळलेली चिंच शेजाऱ्यांच्या कौलांवर झुकली आहे, गावातले लोक दोर लावून ती थोडक्या पैशांत उतरवून द्यायला तयार आहेत, आणि ठेकेदार मात्र क्रेनशिवाय हात लावणार नाही म्हणतो, तेव्हा यांत खरे कोणाचे, असे तू विचारले आहेस. आमच्या सोसायटीतला वर्षावृक्ष नुकताच क्रेनने उतरवला आणि ते काम मी जवळून पाहिले, म्हणून सविस्तर लिहितो. माझे मत आधीच सांगून टाकतो. झाड वाळलेले असेल तर ठेकेदाराचे म्हणणे बरोबर आहे. पण क्रेन दारात उभी राहिली म्हणजे काम निर्धोक झाले, असे मात्र मुळीच नाही.

दोराच्या पद्धतीत कापलेल्या फांदीचा सगळा हिसका शेवटी त्याच झाडाला सोसावा लागतो, कारण दोर त्याच्याच वरच्या बेचक्यातून घेतलेला असतो. जिवंत, निरोगी झाड तो हिसका सहन करते आणि तिथे ही पद्धत उत्तमच आहे. आमच्या झाडाच्या बुंध्यापर्यंत फरसबंदी झालेली होती, मुळांजवळ कठीण तपकिरी अळंब्या फुटल्या होत्या आणि खोडावर हातोडी मारली की पोकळ आवाज येई. अशा झाडावर माणूस चढवायचा नाही असे ठरले, म्हणून कापणारा बूम लिफ्टच्या, म्हणजे माणसाला लांब यांत्रिक हाताने वर नेणाऱ्या गाडीच्या, पिंजऱ्यात उभा राहिला आणि प्रत्येक तुकडा कापण्याआधीच क्रेनच्या हुकाला बांधला गेला. तुटलेला तुकडा खाली पडतच नाही, तो उचलला जातो. सगळा फरक एवढाच आहे.

या कामात चेनसॉचा आवाज सर्वांत मोठा असला, तरी खरे कौशल्य तिच्यात नसून वजनाच्या अंदाजात आहे. ओल्या लाकडाचे वजन ढोबळमानाने तेवढ्याच पाण्याइतके धरतात. ६० सेंटिमीटर व्यासाचा आणि ३ मीटर लांबीचा ओंडका म्हणजे सुमारे ८५० किलो. तेवढ्याच लांबीचा, पण १२० सेंटिमीटर व्यासाचा ओंडका जवळजवळ ३४०० किलो भरतो. व्यास दुप्पट झाला की वजन चौपट होते, हे कागदावर सर्वांना ठाऊक असते, पण बुंध्याकडे बघून 'अजून थोडे खालून घ्या' म्हणणारा नेमके तेच विसरतो. तुझी चिंच वाळलेली असल्यामुळे काहीशी हलकी भरेल. तरीही ठेकेदाराने ओल्या लाकडाचाच हिशेब धरावा, असा आग्रह धर.

दुसरी गोष्ट क्रेनची. तीस टनी क्रेन तीस टन उचलते ती अगदी जवळ, साधारण तीन मीटरवर. बूम, म्हणजे क्रेनचा लांब हात, लांबवून हूक वीस मीटर दूर नेला की तीच क्रेन एक-दोन टनांवर येते, आणि त्यातूनही हूक, शॅकल (जोडणारी लोखंडी कडी) आणि बेल्ट यांचे वजन वजा करावे लागते. हे अंतर गाडीच्या टोकापासून नव्हे, तर बूम जिच्याभोवती फिरते त्या मध्यापासून मोजतात. म्हणून ठेकेदाराला क्रेन किती टनी असे विचारू नकोस. झाडापर्यंतच्या अंतरावर ती किती उचलेल हे लोड चार्टवर, म्हणजे क्रेनच्या अंतर आणि वजनाच्या तक्त्यावर, बोट ठेवून दाखव, असे सांग. नाक्यावरची हायड्रा, म्हणजे ओझे उचलून घेऊन चालणारी छोटी क्रेन, स्वस्त पडते हे खरे, पण ती लोखंड जवळून उचलून इकडून तिकडे नेण्यासाठी असते. छपरापलीकडच्या फांदीसाठी ती कोणी आणली, तर त्याला चहा पाजून परत पाठव.

प्रत्यक्ष काप पाहण्यासारखा असतो. आडव्या फांदीला दोन ठिकाणी बेल्ट आवळले, हूक बरोबर तोलाच्या जागेवर आणला, आणि मग ऑपरेटरने वायर हळूहळू ताणत अंदाजलेल्या वजनाइतकाच ताण दिला. हा ताण कमी पडला तर तुटताना फांदी धपकन खाली बसते आणि हिसका बूमला बसतो. जास्त झाला तर वरून घातलेले पाते काप मिटून अडकते आणि शेवटचे धागे तुटताच तुकडा वर उसळतो. आमच्या इथे एकदा पाते असे चावले गेले. कापणाऱ्याने ते ओढले नाही, यंत्र बंद करून हात वर केला. खालच्या माणसाने 'आरिया, आरिया, थोडा' म्हणताच वायर बोटभर सैल झाली आणि पाते मोकळे झाले. मग 'हाबेस' म्हणताच तो ओंडका पिंजऱ्यापासून लांब उचलला गेला. खुणा करणारा माणूस एकच असतो. 'थांबा' मात्र कोणीही म्हणू शकतो आणि ते ऐकावेच लागते. एकानेच खुणा करायच्या, ही गोष्ट गच्चीवर जमलेल्या आमच्या निवृत्त मंडळींना पटवण्यात ठेकेदाराची निम्मी शक्ती खर्च झाली.

जमिनीकडेही लक्ष दे. क्रेनचे चारही पाय पसरायला सहाएक मीटर रुंदी लागते आणि सगळा भार त्या पायांवर येतो. आमच्या आवारात एक पाय जुन्या सेप्टिक टाकीच्या झाकणावर येत होता, म्हणून गाडी सरकवून पायांखाली लाकडी स्लीपर घातले. पेठांमध्ये तर कात्रजहून पाणी आणणारे पेशवेकालीन नळ अजून जमिनीखाली आहेत, तिथे काय करत असतील कोण जाणे. तुझ्याकडे जुनी विहीर किंवा शोषखड्डा बुजवलेला असेल, तर ते आधीच सांगून ठेव. गल्लीतली विजेची तार महावितरणकडून बंद करून घेतल्याशिवाय बूम उभी करू देऊ नकोस.

परवानगीचे थोडक्यात सांगतो. वाळलेले झाड असले तरी १९७५ च्या वृक्ष जतन कायद्याखाली नगरपालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावाच लागतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांपुढचे झाड हेरिटेज वृक्ष ठरते आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची तरतूदही आली आहे, तेव्हा चिंचेच्या वयाविषयी वडीलधाऱ्यांना विचारून ठेव. अर्जाला फोटो जोड, त्यात कौलांवरचा कल स्पष्ट दिसू दे.

आता एक काम कर. गाडी जिथे उभी राहू शकेल तिथपासून बुंध्यापर्यंतचे आणि कौलांवरच्या शेंड्यापर्यंतचे अंतर टेपने मोज, छातीच्या उंचीवर खोडाचा घेर घे आणि गल्लीची रुंदी लिहून पाठव. ठेकेदाराने सुचवलेली क्रेन पुरेशी आहे की नाही, ते त्यावरून मी तुला उलट टपाली कळवतो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच मित्र