सवलतीतला जुना लॅपटॉप घ्यायचा की नाही?

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

बाबा, तुम्ही पाठवलेला जाहिरातीचा फोटो पाहिला. ‘आय सेव्हन प्रोसेसर, विंडोज ११, निम्म्याहून कमी किंमत’ एवढंच त्यावर लिहिलंय. एवढ्यावरून लॅपटॉप चांगला की वाईट हे कुणालाच सांगता येणार नाही. तुम्ही बघायला जाणारच आहात, तर काय विचारायचं आणि काय स्वतः उघडून बघायचं ते सविस्तर लिहिते. पत्र सोबत न्या आणि ‘शेवटचा एकच उरलाय’ असं कुणी म्हणालं तरी घाई करू नका.

आधी सवलतीचं. ‘साठ टक्के सूट’ म्हणतात ती लॅपटॉप बाजारात आला तेव्हाच्या किमतीवर मोजलेली असते. त्या किमतीला आज काही अर्थ नाही. तुलना करायची ती आज मिळणाऱ्या, तुमचं काम भागवणाऱ्या साध्या नव्या लॅपटॉपशी. जुन्याची किंमत, त्यात घालावी लागणारी बॅटरी, एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) आणि रॅम (चालू कामासाठी लागणारी मेमरी) हे सगळं मिळून नव्याच्या साठ टक्क्यांच्या वर जात असेल तर नवा घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाकी सगळी तपासणी एका प्रश्नावर येते: यातलं काय नंतर बदलता येईल आणि काय नाही? बॅटरी, डिस्क, बहुतेक वेळा रॅम, चार्जर हे बदलता येतं, म्हणजे तिथे फक्त पैशांचा हिशेब करायचा. प्रोसेसर, मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य पाटीवर, सोल्डर केलेली रॅम, पडद्याचा दर्जा आणि बिजागरी मात्र आहे तशीच गळ्यात पडते. त्यात खोट असेल तर कितीही स्वस्त मिळाला तरी नको.

प्रोसेसर म्हणजे लॅपटॉपचा मेंदू, त्यापासून सुरुवात करा. ‘आय सेव्हन’ ही इंटेल कंपनीच्या प्रोसेसरची फक्त श्रेणी आहे, तो किती जुना आहे ते त्यातून कळत नाही. ते कळतं पुढच्या आकड्यावरून. आय५-८२५०यू म्हणजे आठवी पिढी, आय५-१०२१०यू म्हणजे दहावी. इथे एक चकवा आहे: आय५-११३५जी७ मध्ये आकडे चारच आहेत, पण तो पहिल्या पिढीचा नाही, अकराव्या पिढीचा आहे. सुरुवात १ ने होत असेल तर पहिले दोन आकडे मिळून पिढी समजायची. आता फरक बघा. आय७-६५००यू मध्ये कोअर (एकाच वेळी वेगवेगळी कामं करणारे प्रोसेसरमधले भाग) दोनच आहेत आणि आय५-८२५०यू मध्ये चार. म्हणजे नावाने मोठा असलेला ‘आय सेव्हन’ प्रत्यक्षात मागे पडतो. पातळ लॅपटॉपमध्ये बसणाऱ्या इंटेलच्या या ‘यू’ प्रोसेसरांत सातव्या पिढीपर्यंत दोन कोअर असायचे, आठव्यापासून आय५ आणि आय७ला चार मिळाले. अर्ध्या किमतीत ‘आय सेव्हन’ मिळतो, त्यामागचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

आठव्या पिढीची रेघ दुसऱ्या एका कारणासाठी जास्त महत्त्वाची आहे. विंडोज १० चा मोफत आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे चालतं ते इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे. सातव्या पिढीतले अगदी मोजके अपवाद सोडा. इंटेलऐवजी एएमडी कंपनीचा रायझन प्रोसेसर असेल तर ३००० च्या मालिकेपासून पुढचा बघा, म्हणजे निर्धास्त. त्याशिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते.

‘विंडोज ११ टाकून दिलंय’ या वाक्यावर मुळीच विसंबू नका. अटी चुकवून सहाव्या पिढीच्या लॅपटॉपवरही विंडोज ११ चढवता येतं आणि ते बरं चालतंही. पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. आई, तू त्यावर बँकेचे व्यवहार करणार आहेस. सुरक्षेचे अपडेट बंद पडलेल्या मशीनवर ते करायचे नाहीत, म्हणून आठव्या पिढीच्या आधीचा लॅपटॉप कुणी फुकट दिला तरी आपल्याला नको. खरं तर मी दहाव्या किंवा अकराव्या पिढीचाच धरा म्हणेन. आठवी पिढी २०१७ ची आहे आणि पुढच्या वेळी रेघ सरकली तर आधी तीच बाहेर पडेल.

खात्री कशी करायची? बाहेरच्या स्टिकरवर जाऊ नका, स्टिकर कुणीही चिकटवू शकतं. लॅपटॉप चालू करून सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि त्यात सगळ्यात खाली अबाउट उघडा. प्रोसेसरचं पूर्ण नाव तिथे दिसतं. त्याचा फोटो काढा.

दुसरा सापळा ‘नवा कोरा, पेटीबंद’ या नावाने येतो. वर्षानुवर्षं न खपलेला माल असतो. सेलेरॉन एन४०२० सारखा दोन कोअरचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी ईएमएमसी (एसएसडीपेक्षा संथ साठवण). रॅम आणि साठवण दोन्ही बोर्डावर सोल्डर केलेली, त्यामुळे नंतर काही वाढवता येत नाही. विंडोज ११ च्या किमान अटी तेवढ्याच आहेत, म्हणून कागदावर तो पास होतो. प्रत्यक्षात ब्राउझर उघडून व्हिडिओ कॉल लावला की तो गुदमरतो आणि विंडोजचा मोठा अपडेट आला की जागा पुरत नाही. यापेक्षा एखाद्या मोठ्या कंपनीने तीन-चार वर्षं वापरून काढून टाकलेला लेनोव्होचा थिंकपॅड, डेलचा लॅटिट्यूड किंवा एचपीचा एलिटबुक केव्हाही बरा. हे कार्यालयांसाठी बनवलेले लॅपटॉप असतात. त्यांची बिजागरी दणकट असते, मागचं झाकण साध्या स्क्रूंनी उघडतं आणि सुटे भाग मिळतात. थिंकपॅड टी४८० मध्ये बहुतेक वेळा आठवी पिढी आणि रॅमच्या दोन खाचा असतात. त्याच्याच पातळ भावंडात, टी४८०एस मध्ये, काही रॅम सोल्डर केलेली आणि खाच एकच. नावातलं एक अक्षरसुद्धा नीट वाचावं लागतं ते यासाठी.

रॅम आणि डिस्क बघायला कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्सवर जाऊन मेमरीवर क्लिक करा. किती जीबी आहे, कोपऱ्यात किती खाचा वापरात आहेत आणि फॉर्म फॅक्टर (रॅम कोणत्या प्रकारे बसवलीय) काय, ते दिसेल. तिथे ‘रो ऑफ चिप्स’ लिहिलं असेल तर रॅम सोल्डर केलेली आहे असं धरा. तशी असेल तर ती निदान ८ जीबी असलीच पाहिजे, १६ असेल तर उत्तम. ‘एसओडीआयएमएम’ असेल तर ती पट्टी काढता-घालता येणारी आहे, मग ८ वर भागवून नंतर वाढवता येईल. त्याच खिडकीत डिस्कवर क्लिक केलंत की एसएसडी की एचडीडी (जुन्या पद्धतीची फिरती डिस्क) तेही कळतं. एचडीडी निघाली तर घाबरू नका, पण किमतीत एसएसडी धरा. जुना लॅपटॉप रखडतो तो पुष्कळदा फिरत्या डिस्कमुळेच, आणि ती बदलली की मशीन चालू व्हायला लागणारी मिनिटं सेकंदांवर येतात.

आता बॅटरी. इथे तुम्हाला नक्की फसवता येऊ शकतं, म्हणून जरा वेळ काढा. शोधपट्टीत सीएमडी टाइप करून काळी खिडकी उघडा. त्यात इंग्रजीत पॉवर हा पूर्ण शब्द आणि त्याला जोडूनच सी, एफ, जी ही अक्षरं लिहा. मग एक जागा सोडा, उजवीकडे झुकलेली तिरकी रेघ द्या आणि तिला लागून बॅटरी आणि रिपोर्ट हे दोन्ही शब्द जोडून लिहा. एंटर दाबलं की अहवाल कुठे ठेवलाय ते तो सांगतो. ती फाइल ब्राउझरमध्ये उघडा. त्यात डिझाइन कपॅसिटी म्हणजे बॅटरी नवी असतानाची क्षमता आणि फुल चार्ज कपॅसिटी म्हणजे आजची. समजा पहिला आकडा ५०,००० आणि दुसरा ३१,००० असेल, तर बॅटरी ६२ टक्के उरली. ८० च्या वर असेल तर छान. ६० च्या खाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करून मागा.

पाच वर्षांच्या मशीनमध्ये दोन्ही आकडे तंतोतंत सारखे आणि सायकल काउंट (बॅटरी किती वेळा पूर्ण वापरून चार्ज झाली तो आकडा) शून्य दिसला, तर बॅटरी बहुधा बदललेली आहे. ती अस्सल आहे की हलकी नक्कल ते या आकड्यांवरून कळत नाही. अशा वेळी चार्जर काढा, पडद्याचा उजेड निम्म्यावर ठेवा आणि अर्धा तास व्हिडिओ चालू द्या. अर्ध्या तासात १५ टक्के उतरली तर एकूण तीन तासांच्या आसपास चालेल. २५ टक्के उतरली तर दोनच तास. त्या अर्ध्या तासात पंख्याकडेही कान ठेवा. साध्या व्हिडिओला तो सतत घोंघावत असेल तर बहुधा आत धूळ साचलीय किंवा प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट वाळलीय. दोन्ही गोष्टी साफसफाईत सुधारतात, पण ती त्यांनी करून द्यायची.

लॅपटॉप बंद करून सपाट टेबलावर ठेवा आणि चारही कोपरे दाबून बघा. डुलत असेल, टचपॅड वर उचललेलं दिसत असेल किंवा त्याचा क्लिक होत नसेल, तर आतली बॅटरी फुगलेली असण्याची दाट शक्यता आहे. असा लॅपटॉप चार्जिंगलासुद्धा लावू देऊ नका, तसाच परत करा. पेटीबंद मालातही बॅटरी म्हातारी होते, हे लक्षात असू द्या. न वापरता वर्षानुवर्षं पूर्ण उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली तर ती वापरलेल्यापेक्षाही लवकर खराब होऊ शकते.

आई, पडदा तू बघ. सेटिंग्जमधल्या डिस्प्लेमध्ये १९२० बाय १०८० असायला हवं. १३६६ बाय ७६८ असेल तर तुला लागतात तेवढी मोठी अक्षरं केली की पानावर चार ओळीच मावतील. मग पडदा पुढे-मागे कलवून बघ. कललं की रंग उडून माणसांचे चेहरे काळपट दिसले, तर ते जुन्या धर्तीचं टीएन पॅनल. आयपीएस पॅनलमध्ये कुठूनही बघितलं तरी चित्र तसंच राहतं. व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं शेजारी बसणार, म्हणून आयपीएसच घ्यायचा. पूर्ण पांढरं चित्र लावून डाग किंवा मेलेले ठिपके आहेत का तेही बघ. झाकण हळू उघड-मीट करताना बिजागरीपाशी कडा उकलत असेल किंवा करकर वाजत असेल तर तिथेच थांबा. ती बिजागरी पुढे पडद्याची वायर घेऊन तुटते.

कीबोर्डची प्रत्येक कळ नोटपॅडमध्ये दाबून बघा. कॅमेरा, माइक आणि स्पीकर एका व्हिडिओ कॉलमध्येच तपासून होतात, मलाच लावा. वायफाय ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क पकडतं ना, एवढं बघा. चार्जर मूळ वॅटचाच हवा. लॅपटॉपला ६५ वॅट लागत असताना ४५ चा दिला तर चार्जिंग रडतखडत होतं.

कंपन्यांकडून आलेल्या लॅपटॉपमध्ये कुलूप राहून गेलेलं असू शकतं. दुकानातच लॅपटॉप रीसेट करून द्यायला सांगा आणि पहिली मांडणी वायफाय जोडून तुमच्यासमोर करा. पडद्यावर एखाद्या संस्थेचं नाव येऊन तिचाच ईमेल मागितला, तर ते मशीन अजून त्या संस्थेच्या ताब्यात आहे. घ्यायचं नाही. चालू होताना बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) शिरताना पासवर्ड मागितला तरी नाही. डेलला एफ२, एचपीला एफ१० आणि थिंकपॅडला एफ१ दाबून तिथे जाता येतं. नंतर सेटिंग्जमधलं ॲक्टिव्हेशन उघडा. तिथे डिजिटल लायसन्सचा उल्लेख हवा. ‘तुमच्या संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सर्व्हिसने’ असं लिहिलेलं असेल तर घरच्या वापराला तो खरा परवाना नव्हे. ‘ऑफिस फुकट टाकून देतो’ म्हणाले तर नम्रपणे नको म्हणा. चोरीच्या ऑफिससोबत काय काय आत येतं ते बाहेरून दिसत नाही.

मॅकबुक दाखवला तर इंटेलचा असल्यास सोडून द्या. इंटेलवर चालणारी शेवटची मॅकओएस आवृत्ती २६ क्रमांकाची आहे, आणि तीसुद्धा मोजक्याच इंटेल मॉडेलांना मिळाली. २०२० च्या शेवटी आलेल्या ॲपलच्या स्वतःच्या एम१ प्रोसेसरपासून पुढचा असेल तर विचार करू. क्रोमबुक (विंडोजऐवजी गूगलच्या प्रणालीवर चालणारा लॅपटॉप) असेल तर त्याच्या अपडेटना औषधाच्या बाटलीसारखी मुदत असते. ती मॉडेल बाजारात आल्यापासून चालू होते, तुम्ही विकत घेतल्यापासून नाही. पेटीबंद क्रोमबुकचीही निम्मी मुदत दुकानातच संपलेली असू शकते.

पावतीवर मॉडेल, सिरीयल नंबर, परत घेण्याची मुदत आणि बॅटरी वॉरंटीत धरलीय की नाही, हे लिहून घ्या. तोंडी ‘काही झालं तर आणा’ चालणार नाही.

पैसे देण्याआधी मला तीन फोटो पाठवा: अबाउटचं पान, टास्क मॅनेजरमधली मेमरी आणि बॅटरीच्या अहवालातले ते दोन आकडे. प्रोसेसर आठव्या पिढीच्या आधीचा निघाला तर पुढचं काही तपासत बसू नका, सरळ घरी या. बाकी जमत असेल आणि फक्त बॅटरी किंवा डिस्क कमी पडत असेल, तर मी लगेच त्यांच्या किमती काढून किती कमी करून मागायचं तो आकडा कळवते.

तुमची,
धाकटी