धुरक्यावर अ‍ॅस्पिरिनचा उतारा नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

हिवाळ्यात मुंबई-ठाण्याची हवा बिघडली की औषधांच्या दुकानात एक प्रश्न हमखास येतो : ‘धुरकं वाढलंय, हृदयाची गोळी एक जादा घेऊ का?’ घेऊ नका. ही गोळी म्हणजे अ‍ॅस्पिरिन. तिचा 75 मिलिग्रॅमचा रोजचा डोस प्लेटलेट्सना, म्हणजे रक्ताची गुठळी करणाऱ्या पेशींना, थोपवायला सहसा पुरतो. एकदा थोपवलेली प्लेटलेट तिच्या 7 ते 10 दिवसांच्या आयुष्यात पुन्हा कामाला लागत नाही. जादा गोळीने वाढतो तो रक्तस्रावाचा धोका. 2019 साली बोस्टन परिसरातल्या 2,280 माजी सैनिकांच्या पाहणीत, अ‍ॅस्पिरिनसारखी औषधं घेणाऱ्यांच्या फुप्फुसांवर प्रदूषणाचा तात्कालिक परिणाम निम्म्याने कमी दिसला, हे खरं. पण ते मोजमाप फुप्फुसांच्या क्षमतेचं होतं, हृदयाच्या झटक्यांचं नव्हे.

गोंधळ गोळीच्या प्रकारांतही होतो. इकोस्प्रिनसारख्या अ‍ॅस्पिरिनच्या गोळीवरचं आवरण जठरात विरघळत नाही, आतड्यात विरघळतं. म्हणून ती रोज अख्खी गिळायची. तोडायची नाही, अँटासिडसोबत घ्यायची नाही, कारण जठरातलं आम्ल कमी झालं की आवरण आधीच सुटतं. आवरण आहे म्हणजे पोट सुरक्षित, हा मात्र भ्रम. अ‍ॅस्पिरिन रक्तातून जठराच्या अस्तरापर्यंत पोचतंच, त्यामुळे काळी शौच, म्हणजे पोटातल्या रक्तस्रावाची खूण, दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. डिस्प्रिन ही अ‍ॅस्पिरिनचीच गोळी पाण्यात विरघळते, पण तिच्यात 350 मिलिग्रॅम असतात. ती रोजच्या गोळीला पर्याय नाही. कोलेस्टेरॉलच्या औषधासोबतच्या कॅप्सूलमध्येही अ‍ॅस्पिरिन असतं. दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्यांमुळे ते दोनदा पोटात गेल्याचं अनेकदा लक्षातच येत नाही. गोळीला व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर तिला दमट हवा लागलेली आहे, फेकून द्या.

छातीत दाबल्यासारखं दुखून घाम फुटला तर आधी 108. अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्राव नसेल आणि डॉक्टरांनी तसं सांगून ठेवलं असेल, तर अ‍ॅस्पिरिनच्या 75च्या चार गोळ्या चावून खायच्या. गिळल्या तर आवरणामुळे काही तास वाया जातात. तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला तर मात्र अ‍ॅस्पिरिन अजिबात नको. मेंदूत रक्तस्राव असू शकतो.

आता हवा. फोनवरचं ॲप कुठली मोजपट्टी वापरतं ते आधी बघा. पीएम 2.5, म्हणजे हवेतले अतिसूक्ष्म कण, घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम असताना आपल्याकडचा हवेचा निर्देशांक 100 दाखवतो, अमेरिकी मोजपट्टी 150च्या वर. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर 200च्या पुढे आकडा गेला की हृदयरुग्णांनी पहाटेचं फिरणं सोडावं. थंड हवेच्या थरामुळे धूर तेव्हा जमिनीलगत कोंडलेला असतो. ऊन चढल्यावर, रहदारीपासून लांब चालावं. रुमाल, ओढणी कुचकामी. एन-95 मास्क हवा, तोही एक पट्टा डोक्याच्या वरच्या बाजूला आणि दुसरा मानेवर असलेला. दाढीवर तो बसत नाही, कडेने हवा शिरते. धाप लागली तर काढून टाकावा.

घरात 10 बाय 12च्या, 10 फूट उंच खोलीची हवा तासाला पाच वेळा गाळायची तर प्युरिफायरचा सीएडीआर (स्वच्छ हवा देण्याचा वेग) ताशी किमान 170 घनमीटर लागतो. आणि तो चालू असताना त्याच खोलीत डासांची कॉइल किंवा उदबत्ती पेटवणारी घरं कमी नाहीत!

आपला,
एक फार्मासिस्ट, ठाणे