दंडाला फीत लावायला सांगा

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: कॅन्सरच्या रुग्णांचं कुपोषण मोजण्याबाबत

महोदय, स. न. वि. वि.

माझे वडील बाजार समितीत मापाडी होते. कांद्याची पिशवी नुसती हलवून किलो-दोन किलोच्या फरकाने वजन सांगायचे. डोळे पिवळे दिसायला लागले तेव्हा ते स्वतःच यार्डातल्या काट्यावर उभे राहिले आणि घरी येऊन म्हणाले, "सत्तावन्न भरलो." दिवाळीत अडुसष्ट होते. मधे सहा महिनेही गेले नव्हते.

आम्ही ती साधी कावीळ समजलो. तेल बंद, तूप बंद, हळद बंद. उसाचा रस आणि ताकभात सुरू. गावाकडे कावीळ उतरवून देणारा माणूस असतोच, तेही झालं. सोनोग्राफी आणि सीटी स्कॅननंतर कळलं की स्वादुपिंडाच्या डोक्याशी, म्हणजे त्याच्या रुंद टोकाशी, कॅन्सरची गाठ आहे आणि तिने पित्ताची वाट अडवलीय. म्हणजे आधीच झिजत चाललेल्या माणसाला पथ्याच्या नावाखाली आम्ही महिनाभर उपाशी ठेवलं होतं.

ज्या रुग्णालयात गेलो त्याचं नाव लिहीत नाही, कारण हे तिथंच होतं असं नाही. पहिल्या केसपेपरवर 'वजन' या शब्दापुढची रेघ कोरी होती. पुढे केमो सुरू झाल्यावर दर खेपेला वजन घेतलं गेलं, पण ते औषधाचा डोस काढण्यासाठी. आजचा आकडा मागच्या आकड्याशेजारी ठेवून कुणी पाहिला नाही. उंची साडेपाच फूट, वजन सत्तावन्न. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, वीसच्या वर येतो, म्हणजे तक्त्यात माणूस 'नॉर्मल'. प्रत्यक्षात त्यांचं सोळा टक्के वजन गेलं होतं. कुपोषण ठरवण्याचे जे जागतिक निकष आज वापरतात, त्यांत अशा आजारात सहा महिन्यांत पाच टक्क्यांहून जास्त वजन उतरलं की कुपोषण धरतात, आणि दहा टक्क्यांच्या वर गेलं की तीव्र.

काटाही फसवतो. शेवटी पोटात पाणी साठलं आणि वजन तीन किलोंनी वाढलं. आई हरखली, शेजारी सांगून आली. दंड मात्र माझ्या मुठीत मावत होता. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन कमी आलं की "प्रोटीन द्या" असं सांगून मोकळं होण्याची पद्धत आहे. पण शरीरात दाह असला की अल्ब्युमिन तसंही उतरतं, त्या एका आकड्यावर पोषण जोखता येत नाही. स्नायू किती उरलेत ते पाहावं लागतं. हातात यंत्र देऊन मुठीची ताकद मोजता येते. ते नसेल तर दंडाला फीत लावून दर खेपेला तुलना करता येते.

आपल्या राज्यात अंगणवाडीताई पोराच्या दंडाला फीत लावते. साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली गेलं की लाल पट्टा, आणि पुढे काय करायचं हे तिला पाठ असतं. कुपोषण म्हटलं की आपल्याला मेळघाटातलं मूल दिसतं, साठीतला कॅन्सरचा पेशंट दिसत नाही.

एक प्रश्न तर फुकटात विचारता येतो: शौचाला कसं होतं? तेलकट, तरंगणारं, बादलीभर पाणी ओतूनही न जाणारं? वडील हे डॉक्टरांना आपण होऊन कधीच सांगणार नव्हते. स्वादुपिंडाचा पाचकरस आतड्यात पोचत नसेल, तर खाल्लेलं तूप आणि अंडी तशीच बाहेर पडतात. त्यावर पँक्रिएटिनच्या, म्हणजे तोच पाचकरस बाहेरून देणाऱ्या, कॅप्सूल आहेत. उपचार कसे करावेत हे सुचवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या, शस्त्रक्रिया होऊ न शकणाऱ्या रुग्णांना त्या द्याव्यात अशी शिफारस 2018 सालीच केली. आम्हाला त्या उशिरा मिळाल्या, बाहेरून विकत, आणि "जेवणानंतर घ्या" या सूचनेसह. खरं तर त्या पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या असतात, जेवण लांबलं तर काही मधे. तीन आठवडे आम्ही पैसे पाण्यात घातले. शिवाय त्या डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात; अनेक घरांत हे नीट बोलूनच द्यावं लागेल, आणि बोलायला आहारतज्ज्ञ हवा. आम्हाला मिळाला तो झेरॉक्सचा कागद, डायबेटिसवाल्यांना देतात तोच. 'तूप-तेल टाळा' त्यातही होतंच.

टीबीच्या रुग्णाला निक्षय पोषण योजनेतून महिन्याला 500 रुपये मिळायचे, नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले. आजाराबरोबर माणसाची उपासमार होते हे सरकारने तिथे मान्य केलंय. इथे मी पैसे मागत नाही. केसपेपरवर आजचं वजन, सहा महिन्यांपूर्वीचं वजन आणि दंडघेर यांसाठी तीन रकाने छापा, आणि ते भरल्याशिवाय केमोची पुढची तारीख देऊ नका. पँक्रिएटिन जिल्हा रुग्णालयाच्या औषधखिडकीवर ठेवा. जनआरोग्य योजनेत कॅन्सरचं पॅकेज मंजूर करताना आहारतज्ज्ञाची नोंद सक्तीची करा. मेडिकल कॉलेजची रुग्णालयं आपल्याकडे नाहीत, वैद्यकीय शिक्षण खात्याकडे आहेत, हे ठाऊक आहे. म्हणून या पत्राची प्रत तिकडेही टाकली आहे; "हा विषय आमचा नाही" असं उत्तर दोन्हीकडून येऊ नये एवढ्यासाठी.

आपला,
एका मापाड्याचा मुलगा
जि. सोलापूर