अप्पा, इथे आपली माणसं किती?

पोर्ट लुई, मॉरिशस

ती. अप्पांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तिथे आपली माणसं किती?" नेमकी तेव्हाच रेंज गेली. पण रेंज असती तरी छातीठोक आकडा सांगता आला नसता. कोणत्या समाजाची किती डोकी, हे इथल्या जनगणनेने १९७२ नंतर विचारलेलंच नाही. मराठी घरं दोनेक टक्के असावीत, असं सगळे धरून चालतात.

देश केवढा म्हणाल, तर आपल्या रत्नागिरी जिल्ह्याचा जेमतेम पाव भाग. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आत, आणि ती वाढायचं नावच घेत नाही. २०११ आणि २०२२ च्या जनगणनेत आकडा जवळपास तोच. पोरं कमी होतात, तरुण बाहेर जातात, आणि कपड्यांच्या कारखान्यांत बांगलादेश, नेपाळ, मादागास्करहून माणसं आणावी लागतात.

गंमत म्हणजे या बेटावर मूळचं असं कोणीच नाही. डच आले, डोडो पक्षी संपवून १७१० मध्ये निघून गेले. मग फ्रेंच आले, त्यांनी आफ्रिका आणि मादागास्करहून गुलाम आणले. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट घेतलं, १८३५ मध्ये गुलामगिरी संपली. उसाच्या मळ्यांना मजूर हवेत म्हणून त्याच्या आदल्या वर्षापासूनच आपल्याकडून गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, यायला लागले होते. पुढच्या साठ-सत्तर वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसं आली. बहुतेक बिहारकडची, खालोखाल मद्रासकडची. मुंबई बंदरातूनही जहाजं सुटली आणि त्यांत रत्नागिरी-सावंतवाडीची माणसं होती. ती जिथे उतरली त्या आप्रवासी घाटावर जाऊन आले. बंदरातून वर चढणाऱ्या सोळा दगडी पायऱ्या आहेत, बस. आता त्यांच्यापुढून मोठा रस्ता जातो.

आज तीनातली दोन माणसं भारतीय वंशाची. पण 'भारतीय' म्हणून इथे कोणी मोजत नाही. राज्यघटनेत चार खाती आहेत: हिंदू, मुसलमान, चिनी, आणि या तिघांत न बसणारे सगळे 'सर्वसाधारण'. म्हणजे गुलामांचे वंशज आणि त्यांच्या मालकांचे गोरे वंशज एकाच खात्यात! जनगणनेत धर्म मात्र अजून विचारतात. तिथे तमिळ, तेलुगू आणि आपली मंडळी 'हिंदू' न लिहिता सरळ 'तमिळ', 'तेलुगू', 'मराठी' लिहितात. हो अप्पा, धर्म: मराठी. तुम्ही हसाल, पण हिंदूंच्या मोठ्या गठ्ठ्यात विरघळून जायचं नाही, एवढाच त्यामागचा हिशेब.

खरी मेख निवडणुकीत आहे. ६२ खासदार मतांनी निवडून येतात. त्यात एखादा समाज कमी पडला तर हरलेल्या उमेदवारांतून आठ जणांपर्यंत आत घेतात. कोण किती कमी पडला, हे ठरवतात १९७२ च्याच आकड्यांवरून. तेव्हाची माणसं निम्मी तरी उरली असतील का? उमेदवाराने अर्जात आपला समाज लिहायचा. काहींनी नकार दिला, प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीपुढे गेलं आणि २०१२ मध्ये समितीने त्यांची बाजू धरली. नवी मोजणी करायला मात्र कोणी धजत नाही. मला विचाराल तर न मोजणं एकवेळ समजतं; पन्नास वर्षांपूर्वीच्या मापाने आजचं धान्य मोजणं नाही पटत. आणि आजवरच्या पंतप्रधानांत एकटे पॉल बेरांजे सोडले, तेही २००३ ते २००५ एवढेच, तर बाकी सगळे हिंदूच. मग आकडे कोणाला नको आहेत, हे कळतंच.

रोजच्या जगण्यात हे जाणवत नाही. घरात, बाजारात, ऑफिसात सगळे क्रेओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली इथली बोलीच बोलतात. दुपारी मी ढोल पुरी खाते. नाव पुरी, पण आहे चणाडाळ भरलेली मऊ पातळ पोळी, पुरणपोळीची तिखट बहीण म्हणा. दोन पोळ्या एकावर एक, मध्ये पावट्यासारख्या दाण्यांची भाजी, टोमॅटोचा रस्सा, मिरचीची चटणी, आणि कागदात गुंडाळून हातात. मूळची बिहारी, पण गाडीपुढे चिनी, गुलामांचे वंशज (त्यांनाही क्रेओलच म्हणतात), मुसलमान सगळे उभे. लग्न जमवताना मात्र हीच माणसं आडनाव विचारतात. तेवढं आपल्यासारखंच.

शेजारच्या मावशींचं आडनाव जाधव. मराठीत दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत, पण 'सुखकर्ता दुःखहर्ता' शेवटपर्यंत पाठ. गणेश चतुर्थीला इथे सरकारी सुट्टी असते, आणि आपली जाखडीसुद्धा नाचतात! यांचं घुंगरू, ढोलकी तेच. पावलं थोडी वेगळी वाटली. दादाला सांगा, यंदा वाडीतल्या मंडळाचा नाच मोबाइलवर पूर्ण चित्रित करून पाठव, नुसता अर्ध्या मिनिटाचा नको. मावशींना पावलं जुळवून बघायची आहेत.

गुडघ्याचं औषध वेळेवर घ्या. आईला नमस्कार, चिंगीला आशीर्वाद.

तुमची,
सुमन