आजोबांचे शब्द का काढून घेतले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत विसरत चाललेल्या आजोबांच्या कादंबरीवरून केलेल्या त्या नाटकावर आपल्या समीक्षकांनी पाऊण पान लिहिलंय ते वाचलं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाटलं मी भलत्याच प्रयोगाला जाऊन बसलो होतो की काय. कादंबरी मी वाचलेली आहे. आजोबांचं ते तेच तेच विचारत राहणं, त्यातच तर सगळं पुस्तक आहे, आणि नेमकं तेवढंच यांनी कापलं. वर आपले समीक्षक म्हणतात, विस्मरणाला भाषा नसते म्हणून शब्द गाळणं हा धाडसी निर्णय. नसते? कोणी सांगितलं?

आमच्या आईला अल्झायमर होता. शेवटी शेवटी ती मला ओळखायची नाही. मी कामावरून आलो की पडवीत बसलेली असायची आणि विचारायची, "खंयचो रे तू? कोणाचो झील?" मी आपला नाव सांगायचो, बापाचं नाव सांगायचो, त्यावर ती म्हणायची, "बस, चाय घेवन जा, आमचो झील येतलोच इतक्यात." मग काय, मीच झील म्हणजे मुलगा आणि मीच चहा पीत झिलाची वाट बघत बसायचो. हसूही यायचं आणि बायको आत जाऊन डोळे पुसायची. आता सांगा, यात भाषा कुठे कमी पडली? मुलगा विसरली, पण दारात आलेल्याला बस म्हणायचं, चहा विचारायचा, हे नाही विसरली. कादंबरी लिहिणाऱ्याला हे बरोबर कळलं होतं. नाटकवाल्यांनी काय केलं, तर राखाडी कपड्यांतली पोरं आजोबांना उचलतायत, खाली ठेवतायत, पांढऱ्या कापडात गुंडाळतायत, आणि आजोबा सारखे थरथरतायत.

बरं, फिजिकल थिएटर, म्हणजे अंगाच्या हालचालींतून सांगायचं नाटक म्हणताय तर निदान शरीराकडे तरी बघा. आईला आडाळ्यावर, म्हणजे नारळ खवायच्या विळीवर बसवलं आणि हातात नारळाची कवड दिली की हात जराही कापत नसे. गप्पा भलत्याच, पन्नास वर्षांपूर्वीच्या, मेलेल्या माणसांशी, आणि इकडे खोबरं पांढरंशुभ्र पडतंय, करवंटीचा एक काळा कण त्यात नाही. डॉक्टर म्हणाले होते, या आजारात नावं आणि कालपरवाचं आधी जातं, हाताची सवय बरीच उशिरा. हे खरं तर याच प्रकारच्या नाटकाने दाखवायचं, तोंड एकीकडे आणि हात दुसरीकडे. एवढी आयती गोष्ट सोडून थरथर कशाला? म्हातारा दाखवायचा की कंबर वाकवायची, हे तर गॅदरिंगमध्ये चौथीतली पोरं पण करतात. चपला शोधायचा प्रसंग चांगला होता हे मान्य, तिथे हॉल एकदम गप्प झाला होता. त्यावर परीक्षणात एक ओळ नाही.

आणि "कोकणच्या प्रेक्षकाला शरीरकेंद्री रंगभूमीची ओळख व्हायला हवी" हे वाक्य कोणी पास केलं? पॅरिसला जाक लकॉकची असलं शरीराचं नाटक शिकवणारी शाळा निघाली १९५६ साली, चांगली गोष्ट आहे, असेल मोठा माणूस. पण आमच्याकडे जत्रेतल्या दहिकाल्यात, म्हणजे दशावतारी नाटकात, लिहिलेली संहिता नसते, कथा ठरवतात आणि बाकी सगळं उभ्या उभ्या, मृदंगावर पाय टाकत युद्ध होतं, बाप्या माणूस लुगडं नेसून चार पावलं चालला की बायका पण पदर तोंडाला लावतात. आणि हे सगळं बोलत बोलत! शरीर आलं म्हणून शब्दांना घराबाहेर काढत नाहीत इथे. समीक्षकांनी जत्रेला यावं, रात्रभर बसायची तयारी हवी फक्त.

आता हॉलबद्दल पण लिहितो, कारण परत कधी लिहीन माहीत नाही. विषय म्हातारपण, प्रयोग रात्री साडेनऊला. सुटेपर्यंत शेवटची एसटी गेलेली. आतल्या पायऱ्यांना धरायला काही नाही, खाली पट्टीचा दिवा नाही, माझ्या शेजारचे गृहस्थ मोबाईलच्या उजेडात काठी टेकत उतरले. पुढच्या दोन रांगा निमंत्रितांसाठी ठेवलेल्या त्या शेवटपर्यंत रिकाम्या, आणि आम्ही तिकीट काढलेले मागे. मध्यंतरात विचारलं तर रिबीन लावलेला मुलगा म्हणाला, काका, सीट नंबर बघा ना. पुढचा प्रयोग लावाल तेव्हा संध्याकाळी पाचला लावा, आणि त्या दोन रांगा ज्यांचे गुडघे गेलेत त्यांना द्या.

कळावे,
एक जुना वाचक, ता. कुडाळ