सर्व वस्ताद आणि कोच मंडळींसाठी सूचना

नमस्कार. सोमवारपासून सराव सुरू होतोय, म्हणून आठवण. पोरगं मैदानावर आलं की नावानं हाक मारा. खाल्लंस का, शाळेत काय चाललंय, एवढं तरी विचारा. हरलेल्याला सगळ्यांसमोर झापू नका, दुसऱ्या दिवशी बाजूला घेऊन बोला. दुखापत लपवणारं पोर बहुतेक वेळा आपल्यालाच घाबरलेलं असतं. जवळीक हवीच, पण चारचौघांत: एकट्याला खोलीत बोलावणं, रात्री खासगी मेसेज करणं बंद. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला पैलवान खाशाबा जाधवांना पाठवायला राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकलं होतं. आपल्याकडं तर रोजची पाच मिनिटंच मागतोय! नवीन पोरांच्या पालकांचे नंबर शनिवारपर्यंत द्या.