नोंद एकदाच, सगळ्या खात्यांसाठी

वडील जाऊन दोन वर्षे झाली. मृत्यूचा दाखला आमच्याच पालिकेने दिला, त्यावरून घरपट्टीला आईचे नाव लागले. पाणीपट्टी मात्र अजून वडिलांच्याच नावाने येते. विचारले तर, 'त्यांचं रजिस्टर वेगळं. झेरॉक्स जोडून अर्ज करा.' दोन्ही खिडक्या एकाच मजल्यावर, मध्ये फक्त पाण्याचे पिंप! रेल्वेने १९८६मध्ये दिल्लीत संगणकीय आरक्षण सुरू केले, पुढे देशभरातली केंद्रे जोडली. म्हणून आज मिरजेच्या खिडकीवर हावड्याहून सुटणाऱ्या गाडीचे आरक्षण मिळते. पालिकेला एका इमारतीतली खाती एका डेटाबेसवर आणता येऊ नयेत? अर्थात, कोणत्या टेबलाला कोणती माहिती दिसावी, हे आधी ठरवावे लागेल.

– एक करदाता